लर्निंग लायसन्स मिळालं, आता शेजारी कोण बसणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस तरुण मुलांच्या हाती गाडी द्यावी की नाही, यावर बरंच लिहून येतंय. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: लायसन्सचं वय अठराचं एकवीस करा आणि तोवर पोरांना किल्लीला हात लावू देऊ नका. ही सगळी पत्रं आई-वडिलांची आहेत. ज्यांना शिकायचंय त्यांच्यापैकी कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून मी लिहायला बसले. मी एकोणीस वर्षांची आहे, वाईला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. माझे वडील एसटीत चालक आहेत. त्यांनी मला गाडी शिकवायला कितीतरी महिने ठाम नकार दिला आणि शेवटी त्यांनीच शिकवली. त्यामुळे नकाराची बाजू मला परकी नाही.

आधी गरज सांगते. आमच्या आजीचं आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस असतं. दारात जुनी वॅगन-आर आहे, पण ती चालवणारा घरात एकच माणूस, आणि तो माणूस पहाटे पहिली गाडी घेऊन स्वारगेटला गेलेला असतो. पप्पांची सुट्टी आणि आजीचा वार जुळला तर ठीक, नाहीतर भाड्याची गाडी सांगायची. भाड्यापेक्षाही जीव टांगणीला लागायचा तो रात्री. एकदा मध्यरात्रीनंतर आजीला दम लागला. पप्पा त्या रात्री मुक्कामी गाडीवर होते. आई आणि मी आळीतली दारं ठोठावत फिरलो. एका घरचा माणूस लग्नाला गेलेला, दुसऱ्याच्या गाडीत डिझेल नाही, तिसऱ्या घरातून दार उघडलं. तोवर आमची स्वतःची गाडी ताडपत्रीखाली उभी होती आणि तिची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात. मला तेव्हा अठरा पूर्ण होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी पप्पा आल्यावर मी विषय काढला. ते म्हणाले, "तू नीट चालवशील गं. समोरचा चालवंल का?"

हे वाक्य अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलीने घरी ऐकलेलं असेल. पण माझे वडील ते उगाच म्हणत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्यातल्या चालकांची काय चूक होती? पुलावर चढले, आणि पुढं पूल नव्हता. पप्पा हे अजून बोलतात. १० एप्रिल २०१८ ला खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या वळणावर मजुरांचा टेम्पो उलटून अठरा जण गेले. ते वळण पप्पांच्या रोजच्या वाटेवरचं. घरी आल्यावर ते काही सांगत नाहीत. पण ज्या दिवशी रस्त्यात काही बघितलेलं असतं, त्या दिवशी जेवताना टीव्ही लावू देत नाहीत, एवढं आम्हाला कळतं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. पप्पांनी हा आकडा कधी वाचलेला नाही. त्यांना त्यातली काही माणसं दिसलेली आहेत.

म्हणून ज्या पालकांनी आपल्याकडे पत्रं पाठवली त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. त्या भीतीने ते काय करतात, याबद्दल मात्र मला बोलायचंय. भीती खरी असूनही आमच्याच वाड्यात तिचा न्याय दोन तऱ्हेचा होता.

माझा चुलतभाऊ दहावीत असल्यापासून मोटरसायकल चालवतो. क्लासला जाताना, दूध घालायला, तालमीला, सगळीकडे. त्याच्या शेजारी किंवा मागे बसून त्याला कोणी शिकवलं नाही. काकांनी एक दिवस किल्ली दिली आणि तो गेला. पप्पांनी काकांना कायदा सांगून बघितला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. काका म्हणाले, "गावात कोण धरतंय?" विषय संपला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं की, असंही काही जण सांगतात. ते मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तसली पेट्रोलची नवी गाडी आता दुकानात बघायला तरी मिळते का? पोरं-पोरी त्या कागदावर ११० सीसीची स्कूटर चालवतात आणि घरच्यांना वाटतं, सगळं नियमात चाललंय.

आणि मी? अठरा पूर्ण झालेली, कायद्याने पात्र, घरात गरज असलेली. मला नाही. आई एकदा चिडून म्हणाली, "अहो, आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वे चालवतात." त्या १९८६ ला रेल्वेत लागल्या आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, हे आमच्या जिल्ह्यात शाळेतल्या पोरींनाही माहीत आहे. पप्पा म्हणाले, "रेल्वे रुळावरनं जाती. तिला आडवं कुत्रं आलं म्हणून ती वळवाय लागत न्हाय." मग मी त्यांच्याच एसटीतलं उदाहरण दिलं: अर्चना अत्राम यांनी २०२३ मध्ये सासवड–नीरा गाडी चालवली. यावर ते जरा थांबले. "त्या बाईनं रीतसर ट्रेनिंग घेतलंय," म्हणाले, "महिनोन् महिने. शेजारी शिकवणारा बसून."

मला तेव्हा वाटलं, हे उत्तर टाळायला दिलेलं आहे. पण सगळी गोष्ट त्यातच होती, हे नंतर कळलं.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात जे झालं त्यानंतर तर आमच्या घरी हा विषय काढायचीच सोय राहिली नाही. सतरा वर्षांचा मुलगा महागडी मोटार चालवत असल्याचा आरोप, मोटरसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार, आणि पहिल्याच दिवशी जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्ट बघेल. पण त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक बापाने आपल्या मुलीला आणि मुलाला तीच बातमी दाखवली आणि त्यातून एकच अर्थ काढला: गाडीपासून लांब राहा. मला त्यातून वेगळंच दिसलं, आणि आजही दिसतं. वय व्हायच्या आधी किल्ली हातात पडणं आणि वय झाल्यावर शिकवायला कोणी नसणं, या दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे बापाची डावीकडची सीट रिकामी आहे.

आपला कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ म्हणतो की शिकाऊ माणसाने गाडी चालवताना सोबत वैध लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'. आपल्याकडे त्यातला फक्त 'एल' उरलाय. लर्निंग मिळालं की पोरगा एकटा गाडी काढतो, आणि काचेवर लाल अक्षर चिकटवलं की झालं. जून २०२१ पासून महाराष्ट्रात लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. वाईहून साताऱ्याला हेलपाटा वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आता अशी अवस्था आहे की लर्निंगचा कागद हातात येईपर्यंत माणसाने गाडीचं दारही उघडलेलं नसलं तरी चालतं. परीक्षेला नाव एकाचं आणि उत्तरं दुसऱ्याची, असंही सर्रास ऐकू येतं. मी माझी परीक्षा स्वतः दिली. आणि मग प्रश्न पडला: आता पुढं काय? शेजारी कोण बसणार?

आईने उत्तर काढलं. पप्पांना न विचारता तिने मला मोटार ट्रेनिंगच्या क्लासला घातलं. त्या क्लासचं नाव लिहित नाही, कारण मैत्रिणींकडून ऐकलेलं बघता ते एकट्याचं नाही. सकाळी गाडीत आम्ही तिघं शिकणारे. एक चालवतो, दोघं मागे बसून आपल्या पाळीची वाट बघतात. रोजचे ठरलेले किलोमीटर झाले की उतरायचं. क्लच-ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असतात, म्हणजे गाडी खरं तर तोच चालवतो. आपण स्टेअरिंग धरून बसायचं. बंद पडायची वेळ आली की तो क्लच दाबतो, त्यामुळे क्लच कुठं पकडतो हे आपल्या पायाला कधी कळतच नाही. चढावर थांबवून पुन्हा निघायला शिकवा म्हटलं तर म्हणाले, "तुला कुठं घाटात जायचंय?" वाईत राहणाऱ्या मुलीला! वाईहून वर निघालं की पसरणीचा घाट सुरू होतो. नियमाप्रमाणे क्लासने किमान एकवीस दिवसांचं शिक्षण द्यायचं असतं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तास. २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त केंद्रांसाठी एकोणतीस तासांचा अभ्यासक्रम आणला, त्यात एकवीस तास गाडीवर. माझ्या वाट्याला त्याच्या जवळपासही काही आलं नाही. कागदावर मात्र सगळं पूर्ण होतं.

आणि मग एका सकाळी सुरूर रस्त्याला, वडांच्या सावलीतून आमची गाडी चालली होती. मी स्टेअरिंगवर. समोरून स्वारगेट–वाई एसटी आली. चालक माझे वडील. त्यांनी मला ओळखायच्या आधी काचेवरचा 'एल' बघितला असणार, आणि मग माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला. तो माणूस मान खाली घालून मोबाइल बघत होता. एसटी बाजूने गेली. हॉर्न नाही, हात नाही, काही नाही.

संध्याकाळी पप्पा घरी आले. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते चहा प्याले आणि आईला म्हणाले, "त्या माणसाकडं परत पाठवू नको. तो गाडीत बसतो, पोरीशेजारी बसत न्हाय." साप्ताहिक सुट्टीला सकाळी उठून बघते तर वॅगन-आरवरची ताडपत्री काढलेली, बादलीतल्या पाण्याने काचा पुसलेल्या, बॅटरी चार्जिंगला दिलेली.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच केली नाही. मला गाडीभोवती फिरवलं. टायर हाताने चाचपायला लावले, खाली तेल सांडलंय का वाकून बघायला लावलं. मग मला सीटवर बसवून आरसे लावून घेतले आणि स्वतः गाडीच्या मागून चालायला लागले. "मी दिसायचा बंद झालो की हाक मार." ते डावीकडून पुढे येत गेले, आरशात दिसत होते, दिसत होते, आणि मागच्या दाराजवळ एकदम नाहीसे झाले. मी हाक मारली. ते तिथंच उभे राहिले आणि म्हणाले, "आता मान वळव." मान वळवली तर हात लावता येईल इतक्या जवळ. "हितं मोटरसायकल असती," ते म्हणाले. "कायम असती. आसं समजूनच वळायचं." मग उजवीकडून तेच. माझ्या क्लासने मला हे दाखवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्या दारात चार-चार गाड्या आहेत अशा माझ्या मैत्रिणींनाही त्यांच्या घरात हे कोणी दाखवलेलं नाही.

चढाचं शिक्षण यात्रेच्या मैदानाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झालं. अर्ध्या चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा. पप्पा खाली उतरले, पायातली एक चप्पल काढली आणि मागच्या चाकाच्या मागे, टायरला जेमतेम टेकवून ठेवली. गाडी मागे जराही न येता वर निघाली पाहिजे. क्लच हळूहळू सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, सीटखाली एक थरथर येते. तिथं पाय धरायचा, मग हँडब्रेक सोडायचा. हे मी कागदावर कितीही लिहिलं तरी पायाला समजेपर्यंत काही खरं नाही. चप्पल बऱ्याच वेळा दबली. पप्पा दर वेळी ती झटकून पुन्हा ठेवायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. ज्या वेळी चप्पल तशीच राहिली आणि गाडी वर गेली, तेव्हा ते एका पायात चप्पल घालून मागून चढ चढत आले.

पण रस्त्यावर आल्यावर ते असे शांत राहिले नाहीत. एवढी वर्षं पन्नास माणसांची गाडी चालवणारा माणूस, त्याला डावीकडं बसायची सवयच नाही. उजवा पाय मॅटवर दाबून दाबून मॅट गोळा व्हायचं. एका हाताने हँडब्रेक धरलेला. समोरून ट्रक आला की आवाज चढायचा: "आगं दाब, दाब, आत घे!" त्याने माझे हात आणखी ताठ व्हायचे. घरी आल्यावर दोघंही एकमेकांशी बोलायचो नाही. शेवटी आजीने तोडगा काढला. ती पप्पांना म्हणाली, "बैलं शिकवताना तुझा बाप वरडत न्हवता. निस्तं 'हो' म्हणायचा आन् बैल थांबायचा." त्यावरून आमचं ठरलं. पप्पांनी ओरडायचं नाही, फक्त "थांब" म्हणायचं. आणि "थांब" म्हटलं की मी का, कशाला, न विचारता ब्रेक दाबायचा. कारण नंतर, गाडी उभी राहिल्यावर. ज्या पालकांना मुलाला शिकवायला बसायची भीती वाटते त्यांना मी एवढं नक्की सांगेन: हा एक शब्द आधी ठरवून घ्या. आमच्या गाडीतलं भांडण त्या दिवसापासून संपलं.

घाटाचा दिवस मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलाय. पाचगणीहून खाली येताना पप्पांनी सुरुवातीलाच दुसरा गिअर टाकायला लावला आणि ब्रेकवरचा पाय काढायला सांगितला. इंजिनानेच गाडी धरून ठेवली. "ज्या गिअरात चढवायची त्याच गिअरात उतरवायची," हे प्रत्येक एसटी चालक सांगतो. पण ते का, हे पप्पांनी एका वळणावर दाखवलं. बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी घ्यायला लावली आणि काच खाली केली. पुढून एक पर्यटकांची गाडी गेलेली होती. हवेत जळका, डोक्यात जाणारा वास होता. "हा लायनरचा वास," ते म्हणाले. "तो माणूस वरपासून ब्रेकवर पाय ठेवून आलाय. आजून दोन वळणं गेली की ब्रेक लागायचा न्हाय, आन् त्याला त्ये म्हाईतच न्हाय." उन्हाळ्याच्या सुट्टीत हा वास पसरणीच्या घाटात रोज येतो म्हणे. तेव्हापासून मला तो कुठेही ओळखू येतो.

ऊसतोडीच्या हंगामात भुईंज-पाचवडच्या बाजूला संध्याकाळी जायचं तर आधी काही दिवस मला नुसतं शेजारी बसवून नेलं. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की ती ट्रॉली दिसतच नाही. मी आधी बघून "ट्रॉली" म्हणायचं, मग ते गाडी हळू करायचे. माझं पाठ होईपर्यंत त्यांनी मला अंधारात स्टेअरिंग दिलं नाही. (या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम दर हंगामात होते आणि दर हंगामात तशाच ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर असतात. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.)

पुढचं थोडक्यात. पक्कं लायसन्स निघालं. आता ज्या वाराला पप्पा ड्युटीवर असतात त्या वाराला आजीला साताऱ्याला मी नेते. पप्पांची भीती गेली का? नाही. मी पोचल्याचा फोन येईपर्यंत ते अस्वस्थ असतात, आणि थांब्यावर गाडी उभी असेल तेव्हाच फोन उचलतात. समोरचा नीट चालवेल याची खात्री त्यांना आजही नाही, आणि मलाही नाही. पण समोरचा चुकला तर काय करायचं, हे आता माझ्या हाताला माहीत आहे. अठराचं एकवीस केलं असतं तर ते तीन वर्षांनी आपोआप आलं असतं का? माझा चुलतभाऊ यंदा अठराचा होईल. इतकी वर्षं रस्त्यावर असून त्याला अजून आरशातली ती आंधळी जागा माहीत नव्हती. गेल्या महिन्यात मी त्याला वॅगन-आरमध्ये बसवलं आणि स्वतः गाडीभोवती चालले, तेव्हा त्याला ती समजली.

म्हणून वयाची चर्चा करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की आधी शिकवण्याची चर्चा करा. ज्या घरात चालवणारं माणूस आहे तिथं त्या माणसाने बसावं. बाप नसेल तर मामा, मोठी बहीण, आत्या. ज्या घरात कोणीच नाही, तिथं क्लासचे दहा तास खरोखर दहा तास होतायत का, हे तपासायची जबाबदारी आरटीओची आहे. रजिस्टरवर सही बघून ते कळत नाही. शिकणाऱ्याला अचानक फोन करून "चढावर गाडी उभी केलीस का कधी?" एवढं विचारलं तरी कळेल. आणि आपल्या प्रत्येक गावात एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत, ज्यांनी उभा जन्म घाटात काढला. संध्याकाळी ते पारावर बसलेले असतात. त्यांच्याकडचं हे ज्ञान गोळा करून तालुक्याला महिन्यातून एक दिवस जरी मुलामुलींना दिलं, तरी कितीतरी घरांची अडचण सुटेल. एसटी महामंडळाने आणि आरटीओने मिळून याचा विचार करावा.

मी गाडी चालवते हे बघून आमच्या आळीतले एक गृहस्थ गेल्या आठवड्यात पप्पांकडे आले. त्यांची मुलगी नुकतीच अठराची झालीय. "भाऊ, तुमच्या पोरीसारखं आमच्या पोरीला पण शिकवा," म्हणाले. पप्पा म्हणाले, "मी न्हाय शिकवणार. गाडी तुमची, पोरगी तुमची. म्होरं तिच्या शेजारी तुम्ही बसा, मी मागं बसतो." रविवारी तिघंही गाडीत होते. ते गृहस्थ घामाने डबडबले होते आणि पप्पा मागून त्यांना सांगत होते, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं ते.

त्यांना सरावाला यात्रेच्या मैदानाशिवाय जागा नाही. पावसाळा लागला की तिथं चिखल होतो, आणि मग पोरं थेट बाजारपेठेच्या रस्त्यावरच पहिला गिअर टाकायला शिकतात. तालुक्याच्या बाजार समितीचं आवार सिमेंटचं आहे, रविवारी सकाळी ते रिकामं असतं, त्याला कुंपण आहे. जूनच्या आधी रविवारी सकाळी दोन-तीन तास ते फाटक शिकणाऱ्यांसाठी उघडं ठेवता येईल का, हे बाजार समितीने आणि नगरपालिकेने बघावं. येणाऱ्या प्रत्येक गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवालं माणूस असलंच पाहिजे, अशी अट त्यांनी जरूर घालावी. फाटकावर ते तपासायला पप्पा सुट्टीच्या दिवशी उभे राहायला तयार आहेत, असं त्यांनी मला लिहायला सांगितलंय.

आपली,
एका एसटी चालकाची मुलगी
वाई, जि. सातारा